वर्दीवरचं कर्ज

(युवकांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला इथे बोलावलं तेव्हा संयोजकांची अपेक्षा होती की मी नोकरी, मुलाखती आणि कोडिंग यावर बोलावं. ते चहाच्या वेळी बोलूच. आत्ता मात्र मला थायलंडच्या पोलिसांबद्दल बोलायचं आहे. काही जण हसताहेत. साहजिक आहे. थायलंड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर समुद्रकिनारे येतात, पोलीस ठाणं येत नाही.

माझा या विषयाशी संबंध कसा आला ते आधी सांगतो. इंजिनिअरिंग झाल्यावर मी पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत लागलो. पगारातून कुठला हप्ता आधी कापायचा, कुठला नंतर, आणि सगळं कापून माणसाच्या हातात कमीत कमी किती उरलं पाहिजे, हे नियम कोडमध्ये बसवणं हे माझं काम. त्याच कामासाठी मी दोन वर्षं बँकॉकला होतो.

तिथे गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात मला पोलिसाने अडवलं. भाड्याची स्कूटर होती, डोक्यावर हेल्मेट होतं, पण माझ्याकडे फक्त आपल्याकडचं लायसन्स. चूक माझीच होती. पोलीस अगदी नम्र होता. त्याने समजावून सांगितलं की ठाण्यात आलास तर वेळ जाईल, पावती होईल. इथेच दोनशे बाट दिलेस तर जा. मी दिले. ही गोष्ट मी आज तुमच्यासमोर कबूल करतो, कारण पुढे जे बोलणार आहे ते फक्त घेणाऱ्यांबद्दल नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात हा किस्सा सांगितला तर माझा थाई सहकारी म्हणाला, "खा नाम चा." म्हणजे चहाचे पैसे. थाई भाषेतही चहाला 'चा'च म्हणतात. आपण चहापाणी म्हणतो, ते नुसता चहा म्हणतात. तेव्हा मला गंमत वाटली होती.

पगाराची पावती

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पट्टाणीकडच्या एक मुस्लिम बाई गाडीवर रोटी विकायच्या. हलाल खाणं मिळायचं म्हणून मी रोज तिथे. एक पोलीस हवालदारही तिथे यायचा. वय पन्नाशीच्या आसपास, बोलका माणूस. त्याचं इंग्रजी आणि माझं थाई सारखंच मोडकं होतं, त्यामुळे जमलं. मी पगाराच्या सॉफ्टवेअरवर काम करतो हे कळल्यावर एकदा त्याने मोबाइलवर स्वतःची पगाराची पावती उघडली आणि म्हणाला, "हे बघ आणि तुझ्या कॉम्प्युटरला विचार, हे दुरुस्त होतं का."

मी आयुष्यात हजारो पगारपत्रकं पाहिली आहेत. ते वाचायला मला थाई येण्याची गरज नव्हती. पगार पंचवीस हजार बाटच्या आसपास. खाली कपातींची रांग: पोलिसांच्या बचत सहकारी संस्थेचा भाग, संस्थेचं साधं कर्ज, त्याच संस्थेचं तातडीचं कर्ज, घराचं कर्ज, आणि सहकाऱ्यांच्या अंत्यविधीसाठीच्या निधीची वर्गणी. हातात साडेसात हजारांच्या आसपास. एका कपातीकडे बोट दाखवून मी विचारलं, हे काय? त्याने कमरेच्या पिस्तुलावर हात ठेवला.

दोस्तांनो, हे मला पुढे पडताळून पाहावं लागलं, कारण माझा विश्वास बसेना. थायलंडमध्ये बहुतेक पोलीस आपलं पिस्तूल स्वतःच्या पैशाने विकत घेतात. त्यासाठी पोलीस दलाची 'कल्याण योजना' असते. काही वर्षांपूर्वी या योजनेत नऊ एमएमची परदेशी पिस्तुलं साधारण चोवीस हजार बाटला मिळत होती. बाजारभावापेक्षा खूप स्वस्त. पण नव्या शिपायाचा मूळ पगार कित्येक वर्षं दहा-बारा हजार बाटच्या घरात होता. म्हणजे कामाचं हत्यार घ्यायलाच दोन महिन्यांचा पगार. गणवेशाचा, बुटांचा, पेट्रोलचा खर्चही बऱ्याचदा खिशातून. ठाण्यातल्या प्रिंटरच्या कागदासाठीही वर्गणी काढावी लागते, ही तिथली नेहमीची तक्रार आहे.

आता कर्ज कसं चढतं ते पाहू. सहकारी संस्था कर्ज सहज देते, कारण तिला धोका नाही. हप्ता पगारातूनच कापला जातो. शिवाय दोन-तीन सहकारी जामीन राहतात. मी तुला जामीन, तू मला जामीन. एक जण बुडाला की त्याचा हप्ता बाकीच्यांच्या पगारातून. सरकारी नोकराच्या हातात पगाराचे किमान तीस टक्के तरी उरावेत, असा दंडक तिथे आहे. ऐकायला दयाळू वाटतो. पण मी हे नियम कोडमध्ये लिहिले आहेत म्हणून सांगतो, अशी किमान मर्यादा ठेवली की कर्ज देणारे सगळे त्या मर्यादेपर्यंत येऊन थांबतात. किमान असलेली रक्कम हळूहळू नेहमीची रक्कम होते. हवालदाराच्या पावतीवर नेमके तीस टक्केच का उरले होते, ते मला लगेच कळलं.

मग महिन्याच्या वीस तारखेला मूल आजारी पडलं तर? तर बिगरसरकारी सावकार. थायलंडच्या दिवाणी कायद्यात कर्जावरच्या व्याजाची कमाल मर्यादा वर्षाला १५ टक्के आहे. रस्त्यावरचा सावकार महिन्याला २० टक्के घेतो. वसुलीसाठी त्याची पोरं मोटरसायकलवरून येतात, डोक्यावर हेल्मेट, म्हणून लोक त्यांना हेल्मेटवाली टोळी म्हणतात. अशा सावकाराला पकडायचं कोणी? पोलिसांनी. आणि त्या पोलिसांपैकी काही जण त्याचेच देणेकरी.

मग मास्तर लाच का खात नाहीत?

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, मी पोलिसांची वकिली करतोय. बिचारा कर्जात आहे म्हणून खातो. मलाही पहिले काही महिने तसंच वाटत होतं. मग एक प्रश्न पडला, आणि तिथून माझं मत बदललं.

थायलंडमध्ये कर्ज फक्त पोलिसांवर नाही. सगळ्या देशाचं घरगुती कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या ९० टक्क्यांच्या आसपास पोचलं आहे. आशियातल्या सर्वांत वरच्या देशांत त्याचा नंबर लागतो. सरकारी नोकरांमध्ये सगळ्यात गाजलेलं कर्ज शिक्षकांचं. नऊ लाखांच्या आसपास शिक्षक आणि मिळून साधारण १.४ लाख कोटी बाटचं देणं. २०१८ च्या जुलैमध्ये महासारखाम प्रांतात शिक्षकांच्या एका गटाने जमून जाहीर केलं की आम्ही हप्ते थांबवणार. देशभर गदारोळ झाला. लोकांनी शिक्षकांना उधळे म्हटलं, शिक्षण खात्याने कान उपटले.

आता बघा. तोच पगार, तशीच सहकारी संस्था, तशीच जामिनांची साखळी. मास्तर कर्जात बुडाला तर तो काय करतो? जाहीरनामा काढतो, शिकवणी घेतो, दुकान टाकतो. पोलीस कर्जात बुडाला तर त्याच्याकडे आणखी एक गोष्ट असते. तो कोणालाही रस्त्यात थांबवू शकतो. कर्जाने गरज निर्माण होते, लाच निर्माण होत नाही. लाचेसाठी गरजेच्या जोडीला अधिकार लागतो, आणि त्या अधिकाराचा हिशोब कोणी मागणार नाही याची खात्री लागते.

२०२३ च्या जानेवारीत तैवानची एक अभिनेत्री बँकॉकमध्ये फिरायला आली होती. तिची टॅक्सी पोलिसांनी नाक्यावर अडवली आणि २७,००० बाट घेतल्यावरच सोडलं, असं तिने परत गेल्यावर सांगितलं. पोलिसांनी आधी साफ नाकारलं. नंतर कबूल करावं लागलं. ती प्रसिद्ध होती म्हणून. माझ्यासारख्या दोनशे बाट देणाऱ्याची कोण दखल घेतो? आणि त्या रोटीवाल्या बाईंची? त्या दर महिन्याला एका साध्या कपड्यातल्या माणसाच्या हातात पाकीट ठेवायच्या. हवालदार तिथेच बसून रोटी खात असायचा आणि दुसरीकडे बघायचा.

पैसा वर वाहतो

त्या पाकिटाला थाईत नाव आहे, 'सुआय'. जुन्या काळी राजाकडे जो वस्तुरूप कर भरला जायचा त्याचं हे नाव. शब्द जुना आहे तशी व्यवस्थाही जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रांतांच्या अधिकाऱ्यांना पगार नव्हता. ज्या मुलखावर नेमणूक, त्यातूनच स्वतःचं पोट भरायचं. या पद्धतीला म्हणायचे 'किन मुआंग', म्हणजे शहर खाणं. राजा चुलालोंगकोर्नने १८९० च्या दशकात पगारी नोकरशाही आणली, पण 'खाण्याची' सवय कागदावरून गेली तेवढीच.

पोलिसांत तर ती मोठ्या प्रमाणावर परत आली. १९५१ ते १९५७ या काळात पोलीसप्रमुख असलेल्या फाओ श्रियानोन यांच्या हाताखाली पोलीस दल जवळजवळ दुसरं सैन्य झालं होतं, आणि त्याचा बराच खर्च अफूच्या व्यापारातून निघत होता. १९५७ च्या लष्करी बंडानंतर फाओ स्वित्झर्लंडला गेले. अफूवर १९५९ मध्ये बंदी आली. पण धडा राहून गेला: सरकारने पैसे दिले नाहीत तर दल आपले पैसे आपण उभे करतं.

चुलालोंगकोर्न विद्यापीठातले पासुक फोंगपाइचित आणि सुंगसिध पिरियारंगसन यांनी १९९४ मध्ये थायलंडमधला भ्रष्टाचार आणि लोकशाही यावर पुस्तक लिहिलं. त्यात पोलिसांवर स्वतंत्र काम आहे. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा की हा चार वाईट माणसांचा प्रश्न नाही. ठाण्याच्या हद्दीतले जुगार, वेश्याव्यवसाय यांतून पैसा गोळा होतो, ठरलेल्या वाट्याने वर जातो, आणि चांगल्या जागी नेमणूक मिळवायला अधिकारी पैसे मोजतात. जागा विकत घेतली की ते पैसे वसूल करावे लागतात. आमच्या धंद्यात याला बग म्हणत नाहीत. प्रोग्राम जसा लिहिलाय तसाच चालतोय.

याचा पुरावा अधूनमधून बाहेर पडत राहतो. २००३ मध्ये बँकॉकमधल्या मसाज पार्लरचा मोठा मालक चुवित कमोलविसित पोलिसांशी बिनसल्यावर उघड बोलायला लागला की मी इतकी वर्षं पोलिसांना महिन्याला कोट्यवधी बाट देत आलो. पुढे तो निवडणूक लढवून खासदार झाला. २०२३ च्या मे महिन्यात खासदार विरोज लक्खनाअदिसोन यांनी ट्रकवरच्या स्टिकरचं प्रकरण काढलं. ठरावीक चित्राचं स्टिकर महिन्याच्या पैशाने विकत घ्यायचं, मग जादा माल भरलेला ट्रक कोणी अडवत नाही. महामार्ग पोलिसांच्या प्रमुखाची बदली झाली. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला नाखोन पाथोम प्रांतात एका कमनानच्या, म्हणजे काही गावांच्या मुखियाच्या, घरी मेजवानी होती. रस्त्याची कंत्राटं आणि ट्रक त्याच्याच कंपन्यांचे. पाहुण्यांत वीसहून जास्त पोलीस. त्या सगळ्यांच्या समोर महामार्ग पोलिसांच्या एका तरुण मेजरवर गोळ्या झाडल्या गेल्या, तो मेला. कमनानच्या नातेवाइकाला हवी ती जागा द्यायला त्याने नकार दिला होता, असं कारण पुढे आलं. जमलेल्या पोलिसांपैकी काहींवर आरोपींना पळून जायला मदत केल्याचा आणि पुरावा नष्ट केल्याचा आरोप आला. काही दिवसांत तिथे हजर असलेल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने आत्महत्या केली.

वीस पोलीस एका माणसाच्या घरी जेवायला का जातात? कर्जबाजारी आहेत म्हणून? काही असतीलही. पण इथे कर्ज या शब्दाचा दुसरा अर्थ समजून घ्यायला हवा.

दुसरं कर्ज

थाई भाषेत एक शब्द आहे, 'बुनखुन'. बुन म्हणजे पुण्य, खुन म्हणजे गुण; दोन्ही आपल्याकडून गेलेले. अर्थ होतो उपकार, आणि त्या उपकाराची फेड. आईबापांचं बुनखुन, गुरूचं बुनखुन. यात वाईट काही नाही, उलट थाई संस्कृतीतली ही सुंदर गोष्ट आहे. पण जेव्हा वरिष्ठाने बदली थांबवली, कमनानने मुलीच्या लग्नात मोठा आहेर केला, व्यापाऱ्याने ठाण्याला एसी दिला, तेव्हाही तोच शब्द लागू होतो. आणि या कर्जाला हप्ता नसतो, शेवटची तारीख नसते, ना-हरकत दाखला मिळत नाही. मराठीत आपण म्हणतो, माणूस मिंधा झाला. मिंधा माणूस गुन्हा करेलच असं नाही. तो फक्त दुसरीकडे बघतो.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण हवालदाराचं नाही, पोलीसप्रमुखाचं आहे. २०१८ च्या सुरुवातीला बँकॉकमधल्या एका मोठ्या मसाज पार्लरवर छापा पडला; अल्पवयीन मुलींना तिथे आणल्याचा, मानवी तस्करीचा आरोप होता. मालकाच्या पैशांचा माग काढताना नाव आलं सोमयोत पूमपन्मुआंग यांचं. ते २०१४-१५ मध्ये देशाचे पोलीसप्रमुख होते. त्यांनी कबूल केलं की या मालकाकडून त्यांनी ३० कोटी बाट घेतले होते. मित्राकडून घेतलेलं कर्ज आहे, त्यात गैर काही नाही, असं त्यांचं म्हणणं.

हवालदाराचं पिस्तुलाचं कर्ज आणि प्रमुखाचं तीस कोटींचं कर्ज. शब्द एकच आहे. एक जण कर्ज घेतो कारण त्याच्याकडे पैसे नाहीत. दुसऱ्याला कर्ज मिळतं कारण त्याच्याकडे पद आहे, किंवा होतं. म्हणून 'पोलीस कर्जात आहेत म्हणून भ्रष्टाचार होतो' हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि त्याचा फायदा सगळ्यात जास्त वरच्यांना होतो. खालच्याची गरिबी पुढे करायची आणि तिच्या आड लपायचं.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये नाखोन सावन शहराच्या ठाण्याचा प्रमुख, कर्नल थितिसन, साऱ्या जगाला माहीत झाला. ड्रगच्या संशयिताच्या डोक्यावर प्लास्टिकच्या पिशव्या घालून तो आणि त्याचे शिपाई त्याला गुदमरवत होते, आणि ते कॅमेऱ्यात आलं. चोवीस वर्षांचा मुलगा मेला. वीस लाख बाट मागितल्याचा आरोप झाला. या अधिकाऱ्याला लोक 'जो फेरारी' म्हणायचे, कारण त्याच्याकडे डझनाहून जास्त महागड्या गाड्या होत्या. तस्करीच्या गाड्या पकडल्या की कायद्याने बक्षिसाचा वाटा मिळायचा, त्यातूनही त्याने भरपूर कमावलं होतं. २०२२ मध्ये न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. हा माणूस कर्जात नव्हता. पण त्या खोलीत त्याच्यासोबत जे खालचे पोलीस उभे होते, ते नाही म्हणू शकले नाहीत. त्यांची बदली, बढती, जामीन, सगळं वरच्याच्या सहीवर. व्हिडिओ बाहेर आला तो मात्र आतल्याच एका कनिष्ठ पोलिसाच्या तक्रारीतून, हेही लक्षात ठेवा.

सैन्यातलं एक उदाहरण सांगतो, कारण तिथेही हेच दुखणं आहे. ८ फेब्रुवारी २०२०, कोराट शहर. एका सैनिकाने आपल्या वरिष्ठाला आणि वरिष्ठाच्या सासूला गोळ्या घातल्या, मग शस्त्रं पळवून एका मॉलमध्ये शिरला. २९ माणसं मारली गेली. सुरुवात झाली होती घराच्या व्यवहारातून. सैनिकांसाठीच्या कर्जावर घर घ्यायचं आणि तो व्यवसाय वरिष्ठाच्याच नातेवाइकांचा. त्याचे पैसे अडकले होते. या कारणाने २९ निरपराध माणसं मारण्याचं समर्थन होत नाही, कणभरही नाही. पण लष्करप्रमुख जनरल अपिरात यांनी रडत माफी मागितली आणि वरिष्ठांनी कनिष्ठांशी करायच्या असल्या व्यवहारांची चौकशी करू असं सांगितलं. म्हणजे कर्ज हा हाताखालच्याला ताब्यात ठेवायचा आणि त्याच्यावर कमवायचाही धंदा होऊ शकतो, हे त्यांना मान्य करावं लागलं.

ज्याने दुसरीकडे बघितलं नाही

तुमच्यापैकी अनेकांना रोहिंग्यांच्या बोटी आठवत असतील. २०१५ च्या मे महिन्यात मलेशियाच्या सीमेला लागून, सोंगख्ला प्रांतातल्या जंगलात तस्करांच्या छावण्या आणि थडगी सापडली. रोहिंग्या आणि बांगलादेशी माणसांना तिथे कोंडून त्यांच्या घरच्यांकडून खंडणी मागितली जायची. एवढ्या छावण्या कोणाला दिसल्या नाहीत, हे शक्य नव्हतं. वाटेवरच्या प्रत्येक नाक्याने दुसरीकडे बघितलं होतं.

तपास आला मेजर जनरल पवीन पोंगसिरिन या पोलीस अधिकाऱ्याकडे. त्यांनी बँकेच्या व्यवहारांचा माग काढला, शंभराहून जास्त लोकांविरुद्ध वॉरंट निघाली, त्यात लष्कराचे लेफ्टनंट जनरल मनास कोंगपेनही होते. मग तपास गुंडाळायला सांगितलं गेलं आणि पवीन यांची बदली झाली दक्षिणेच्या सीमाभागात, जिथे त्यांनी आरोपी केलेल्यांचंच वजन होतं. त्यांनी राजीनामा दिला आणि २०१५ च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात आश्रय मागितला. २०१७ च्या जुलैमध्ये न्यायालयाने ६२ जणांना दोषी ठरवलं. मनास यांना २७ वर्षं. खटला उभा करणारा माणूस तेव्हा परदेशात होता.

पवीन बौद्ध. मेलेले बहुतेक मुसलमान. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्यात असं म्हणायची सवय आहे की अमुक खात्यात आपला माणूस असला की न्याय मिळतो. आपला माणूस असणं चांगलंच आहे, पण तो मिंधा असेल तर आपला असूनही उपयोग नाही.

उपाय काय होतोय?

२०२३ च्या अखेरीस पंतप्रधान स्रेथा थाविसिन यांनी घरगुती कर्ज हा राष्ट्रीय प्रश्न म्हणून जाहीर केला. सावकारी कर्जाची नोंदणी सुरू झाली, आणि शिक्षक, पोलीस, सैनिक यांचा पगार हप्त्यांतच संपतो हे सरकारने उघड मान्य केलं. व्याज कमी करणं, मुदत वाढवणं, हातात किमान रक्कम ठेवणं असे उपाय आले. त्याआधी २०२२ मध्ये नवा पोलीस कायदा आला. बढतीत ज्येष्ठतेला ठरावीक वाटा दिला, तक्रारींसाठी वेगळी यंत्रणा केली.

दोन्ही पावलं योग्य दिशेने आहेत. पण २०२४ च्या मार्चमध्ये त्याच पंतप्रधानांना पोलीसप्रमुख आणि उपप्रमुख या दोघांनाही एकाच दिवशी पदावरून दूर करावं लागलं. वरच्या दोन गटांचं भांडण, आणि मध्ये ऑनलाइन जुगाराच्या पैशाचे आरोप. हप्त्याची मुदत वाढवून हा प्रश्न सुटत नाही.

माझ्या मते तीन गोष्टी लागतील. पहिली, कामाचं हत्यार, पेट्रोल आणि कागद सरकारने द्यावा. दुसरी, कोणाची कुठे, कशासाठी नेमणूक झाली, हे लोकांना बघता यावं. तिसरी, पोलिसाविरुद्धची तक्रार पोलिसाकडे जाऊ नये. यातली पहिली सगळ्यात स्वस्त आहे, आणि तीच इतकी वर्षं झाली नाही. खर्च परवडत नाही म्हणून, असं मला वाटत नाही. स्वतःच्या पैशाने बंदूक घेणारा शिपाई वरच्यांना सोयीचा असतो. तो हात पसरून उभा राहतो आणि तोंड बंद ठेवतो.

आता शेवटचं. माझे मामू आपल्याकडे पोलीस हवालदार म्हणून निवृत्त झाले. दोन्ही मुलींच्या लग्नाला त्यांनी पोलीस पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं, आणि मित्राला जामीन राहिल्यामुळे त्याचेही हप्ते काही वर्षं भरले. अम्मी सांगायची, भाऊजान घरी येऊन गप्प बसायचा. मामूंनी कधी पैसे खाल्ले का, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. लहानपणी त्यांच्या वर्दीचा अभिमान होता, मोठेपणी विचारायची हिंमत नव्हती. त्या थाई हवालदाराची पावती बघितली त्या रात्री मला पहिल्यांदा मामूंशी बोलावंसं वाटलं. तोवर ते गेले होते.

या हॉलमध्ये काही जण भरतीची तयारी करताहेत, मैदानावर पहाटे धावताहेत, हे मला माहीत आहे. जरूर जा. फक्त वर्दी अंगावर आल्यावर पहिल्या वर्षी काय कराल ते आज ठरवा. घराण्याच्या नावासाठी लग्नात कर्ज काढू नका. सही करण्याआधी जामीन म्हणजे काय ते वाचा. आणि घरच्यांनो, पोरगा पोलिसात लागला म्हणून त्याच्याकडून गाडी, बंगल्याची अपेक्षा करू नका. ते पैसे कुठून येतील हे तुम्हालाही माहीत असतं.

आणि जे भरती होणार नाहीत, माझ्यासारखे, त्यांच्यासाठी एवढंच. बँकॉकमधून निघायच्या आधी मला पुन्हा एकदा अडवलं होतं. दुसऱ्या वेळीही लायसन्स नव्हतंच, इतका मी आळशी. या वेळी मी म्हटलं, पावती द्या. अर्धा दिवस गेला, पाचशे बाट दंड भरला, साहेबांची बोलणी खाल्ली. काही मोठं केलं नाही. पण त्या दिवशी माझ्या पैशातून कोणाच्या पाकिटात वाटा गेला नाही.

चहापाणी हा शब्द आपण वापरणं बंद करूया. जे आहे त्याला लाच म्हणूया. घेणारा गरीब असला तरी, आणि देणारे आपण असलो तरी.